मन, निसर्ग आणि इतिहासातली कोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादं गूढ 'अजून उकललेलं नाही' म्हणतात, तेव्हा नेमकं काय उकलायचं राहिलेलं असतं?

तीन निराळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द लावतो. काही कोड्यांचं उत्तर केव्हाच मिळालंय, पण उत्तरापेक्षा कोडंच चविष्ट असल्यामुळे तेच फिरत राहतं. काहींमध्ये 'कसं' हे कळलंय, 'का' ते कळलेलं नाही. जांभई त्यातलीच. आणि काहींमध्ये उत्तर ठरवायला लागणारा पुरावाच तुटपुंजा आहे, किंवा तो एकदाच मिळाला आणि पुन्हा कधी मिळाला नाही. एखाद्या दाव्यावर वाद घालण्याआधी तो या तिघांत कुठे बसतो एवढं पाहिलं, तरी अर्धा वाद संपतो. खालची काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काही लांबतात, ती याच कारणाने.

पहाटे जाग येते, डोळे उघडे असतात, पण अंग हलत नाही आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. हे काय असतं?

स्लीप पॅरालिसिस. ठसठशीत स्वप्नं पडतात त्या 'रेम' झोपेत मेंदू स्नायूंकडे जाणारे हुकूम अडवून धरतो. ही सोय आहे. नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरोखरच पलंगावरून उडी टाकली असती. कधी कधी जाग आधी येते आणि हा अडसर काही सेकंद ते एकदोन मिनिटं उशिरा निघतो. तेवढ्या वेळात स्वप्नाचा उरलेला तुकडा खऱ्या खोलीत मिसळतो: दाराशी सावली, पावलांचा आवाज, कानाशी पुटपुट. छातीवरच्या दडपणाचंही कारण साधं आहे. श्वासपटल चालू असतं, म्हणून श्वास थांबत नाही. पण छातीचे बाकीचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे मुद्दाम खोल श्वास घ्यायला जावं तर घेता येत नाही.

शंभरातल्या साधारण ८ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो, विद्यार्थ्यांमध्ये प्रमाण याहून बरंच जास्त आढळतं. जपानीत याला 'कानाशिबारी' म्हणतात, म्हणजे जणू धातूने जखडलेलं असणं. 'नाइटमेअर' या इंग्रजी शब्दातला 'मेअर' हा झोपलेल्याच्या छातीवर बसणारा पिशाच्चाचा प्रकार. अनुभव सगळीकडे सारखाच, नाव मात्र जो तो आपल्या भुताचं देतो.

त्या क्षणी उठून बसायची धडपड करू नका. मोठे स्नायू ऐकत नाहीत आणि भीती वाढते. बुबुळं मोकळी असतात, ती इकडेतिकडे फिरवा. पायाचा अंगठा किंवा एकच बोट हलवायचा प्रयत्न करा. श्वास आपोआप चालतोय तसा चालू द्या. उताणं झोपणं, अपुरी झोप आणि रोज बदलणाऱ्या वेळा ही नेहमीची कारणं आहेत. कूस बदलून आणि वेळ पाळून बहुतेकांचा त्रास कमी होतो. मात्र दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा हसताना, दचकताना गुडघ्यांतलं बळ गेल्यासारखं होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ती नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराची खूण असू शकते.

स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत?

कारण मेंदूला त्या आधीच ठाऊक असतात. हाताला हुकूम सुटतो तेव्हा त्याची एक नक्कल लहान मेंदूकडेही जाते. तिच्यावरून आता काय जाणवणार याचा अंदाज बांधला जातो आणि तेवढी जाणीव दाबली जाते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधल्या संशोधकांनी हे चलाखीने तपासलं. माणसाने एका हाताने दांडी हलवायची आणि यंत्राने तीच हालचाल दुसऱ्या तळहातावर फोमच्या तुकड्याने करायची. दोन्ही एकाच वेळी झाल्या की गुदगुल्या जवळजवळ नाहीत. मध्ये १०० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर घातला की वाढल्या. म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाची फसवणूकही पुरते. आपल्या हालचाली दुसरंच कुणी करवून घेतंय असं वाटणाऱ्या किंवा कानात आवाज ऐकू येणाऱ्या मनोरुग्णांना स्वतःच्या स्पर्शाने इतर लोकांपेक्षा जास्त गुदगुल्या होतात, असंही या संशोधनात दिसलं. प्रश्न पोरकट वाटतो, पण 'मी' आणि 'दुसरा' ही सीमा मेंदू कशी आखतो, तिथवर तो जातो.

जांभई प्राणवायू कमी पडल्यामुळे येते ना?

नाही. १९८७ साली हे सरळ तपासलं गेलं. लोकांना शुद्ध प्राणवायू दिला, तरी जांभया कमी झाल्या नाहीत. ३ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा दिली, तेव्हा श्वास वाढला, जांभया मात्र होत्या तेवढ्याच. गर्भातलं बाळही जांभई देतं, आणि तिथे तर हवाच नसते. मेंदू थंड ठेवण्यासाठी जांभई येते हा विचार सध्या चर्चेत आहे, पण त्यावर शिक्कामोर्तब झालेलं नाही. दुसऱ्याची पाहून येणारी जांभई साधारण चारपाच वर्षांच्या वयानंतर सुरू होते. हे वाचतानाही ती येऊ शकते.

'हे आधी घडलंय' असं अचानक वाटतं, तो पूर्वजन्म की आजार?

बहुधा दोन्ही नाही. आठवण येणं आणि ओळखीचं वाटणं या मेंदूतल्या वेगळ्या प्रक्रिया आहेत. दुसरी एकटीच सुरू झाली की 'देजा वू' होतं. ते तरुणपणी जास्त होतं, वयानुसार कमी होत जातं, आणि दमणुकीत वाढतं. मात्र ते वारंवार होत असेल, त्याबरोबर पोटातून काही वर चढल्यासारखं वाटत असेल, नसलेला वास येत असेल किंवा मधली काही सेकंदं हरवत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. कानशिलामागच्या भागातली अपस्माराची फीट अशीच सुरू होते.

प्लँचेटवर वाटी खरंच सरकते. कुणी ढकलत नसेल तर कोण सरकवतं?

बोटं ठेवलेले लोकच. पण ते फसवत नसतात, आणि हेच या प्रकरणात सर्वांत रंजक आहे. एखाद्या हालचालीची नुसती अपेक्षा केली तरी स्नायू नकळत थोडे काम करतात. विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने १८५२ साली याला 'आयडिओमोटर' असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडेने, वीज आणि चुंबकत्वावर काम करणाऱ्या त्याच फॅरेडेने, टेबलावर नुसते हात ठेवले की ते आपोआप फिरतं असं म्हणणाऱ्यांची परीक्षा घेतली. पुठ्ठ्याचे तुकडे मऊ चिकट गोळ्यांनी एकावर एक असे बसवले की ते थोडे घसरू शकतील, आणि सगळ्यांत वरच्या तुकड्यावर लोकांनी हात ठेवले. टेबल स्वतः हललं असतं तर खालचा थर आधी पुढे गेला असता आणि हात मागे रेंगाळले असते. झालं उलट: वरचा थर पुढे सरकलेला होता. नंतर त्याने हातांची हालचाल दाखवणारा एक काटा बसवला. तो लोकांना दिसायला लागताच टेबल फिरायचं थांबलं.

घरी तपासायचं तर असं करा. आधी नेहमीसारखं बसून चारपाच उत्तरं येऊ द्या. मग बोटं ठेवणाऱ्या सगळ्यांचे डोळे घट्ट बांधा आणि त्यांना न सांगता अक्षरांचा पट अर्धा फिरवा. वाटी कुठल्या अक्षरावर थांबते ते एका तिऱ्हाइताने मोठ्याने न वाचता लिहून घ्यायचं. अर्थहीन अक्षरं येतात, किंवा वाटी जिथे अक्षर आधी होतं त्या रिकाम्या जागी जाते. प्रयोग फसतो तो तीन कारणांनी: नाकाच्या बाजूने पट्टीखालून दिसतं, लिहिणारा 'अरे वा' म्हणतो, किंवा एका माणसाचे डोळे उघडे राहतात. तो एकच पुरतो.

घरात कुणीतरी वावरतंय असं सगळ्यांनाच वाटतं. काय तपासावं?

सगळ्यांत आधी कार्बन मोनॉक्साइड. १९२१ साली अमेरिकेतल्या एका नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापली गेली: रात्री पावलं वाजायची, अनोळखी माणसं दिसायची, मुलं फिकट पडली होती, डोकं दुखायचं. दोष निघाला भट्टीत. धूर बाहेर न जाता घरात येत होता. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही.

डोकेदुखी, मळमळ, गुंगी, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटणं, हे एकापेक्षा जास्त जणांना होत असेल तर ताबडतोब सगळे बाहेर पडा. गॅस गीझर, कोळशाची शेगडी, जनरेटर, तुंबलेलं धुराडं ही ठिकाणं जाणकाराकडून तपासून घ्या. एक सापळा लक्षात ठेवा: बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे खोटा दिलासा देतो. प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांपैकी हिमोग्लोबिनवर काय बसलंय, यातला फरक त्याला कळत नाही, आणि आकडा ९८ दाखवत राहतो. खरं निदान रक्ततपासणीत होतं. हे सगळं तपासून झालं की मग भुताचा विचार करायला सवड आहे.

'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं' यावर किती भरवसा ठेवावा?

पाहिल्यानंतर कोणी काय विचारलं यावर ते अवलंबून आहे. १९७४ सालच्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या प्रयोगात सगळ्यांना अपघातांच्या त्याच चित्रफिती दाखवल्या, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींना 'टेकल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारल्यावर सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल आलं. 'धडकून चुराडा झाला' अशा अर्थाचं क्रियापद वापरल्यावर सुमारे ४०. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्याने फुटलेली काच पाहिली का, असं विचारलं. जोरदार क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जण 'हो' म्हणाले, सौम्य ऐकलेल्या ५० पैकी ७. काच फुटलेलीच नव्हती.

म्हणून काही विचित्र पाहिलंत तर इतरांशी बोलायच्या आधी लिहून काढा, आणि दुसऱ्याला विचारताना 'पुढे काय झालं?' एवढंच विचारा.

गर्दीत कुणी मदतीला येत नाही, हे खरं आहे का?

अर्धं. १९६८ सालच्या एका प्रयोगात इंटरकॉमवर कुणाला तरी झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणाऱ्याला आपण एकटेच आहोत असं वाटत होतं तेव्हा ८५ टक्के लोक वेळेत उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. पण २०१९ साली तीन देशांतल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण पाहिलं गेलं, तेव्हा दहातल्या नऊ प्रसंगांत कुणीतरी मध्ये पडलं होतं, आणि माणसं जास्त तितकी ही शक्यताही जास्त होती. प्रत्येकाचा वाटा कमी होतो, पण वाटेकरी वाढतात. तुम्ही अडचणीत असाल तर 'कुणीतरी या' असं ओरडू नका. 'निळा शर्टवाले दादा, तुम्ही रुग्णवाहिका बोलवा' असं एकालाच धरा.

आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो का?

नाही. वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. नऊ दशांश रिकामटेकडं ठेवणं निसर्गाला परवडलं नसतं. पुढचा प्रश्न.

गरम पाणी थंड पाण्याआधी गोठतं म्हणतात. घरी करून पाहता येईल का?

येईल, पण उत्तर येण्यापेक्षा प्रयोग चुकण्याची शक्यता जास्त. १९६३ साली टांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाच्या लक्षात आलं, की आइस्क्रीमचं गरम मिश्रण इतरांच्या गार मिश्रणाआधी गोठलं. वर्गात त्याची टर उडाली, पण १९६९ साली डेनिस ऑसबोर्न या प्राध्यापकाबरोबर त्याचा लेख छापून आला. २०१६ साली दोन ब्रिटिश संशोधकांनी काळजीपूर्वक पुन्हा मोजलं आणि त्यांना हा परिणाम मिळाला नाही. तापमापक सेंटिमीटरभर वर-खाली झाला तरी गरम पाणी 'जिंकल्याचं' दिसू शकतं, हे मात्र दिसलं.

करायचंच तर एकाच धातूची, एकाच मापाची दोन भांडी घ्या. काच नको, तडकते. दोन्हींत वजन करून १०० ग्रॅम पाणी, एक ७० अंशांचं, एक २५ अंशांचं. खाली थर्माकोलचा तुकडा ठेवा. हे सर्वांत जास्त विसरलं जातं: फ्रीझरच्या तळावर हिमाचा थर असतो, गरम भांडं तो वितळवून थंड पृष्ठभागाला नीट चिकटतं, आणि गार भांडं हिमाच्या गादीवर बसून राहतं. तापमापकाचं टोक दोन्हींत अगदी मध्यावर हवं. झाकण ठेवा, नाहीतर वाफ जाऊन गरम पाणी वजनानेच कमी होतं. शेवटी पुन्हा वजन करा. जागा अदलाबदल करून किमान दहा वेळा करा.

आणि सुरुवातीलाच लिहून ठेवा, की 'गोठलं' कशाला म्हणायचं: ० अंशाला पोचणं, पहिला बर्फ दिसणं, की पूर्ण घट्ट होणं. पाणी शून्याखाली काही अंश जाऊनही द्रव राहू शकतं, आणि केव्हा गोठेल हे बरंचसं नशिबावर असतं. एकेका प्रयोगाचे निकाल म्हणूनच एकमेकांशी जुळत नाहीत.

वाळवंटात आपोआप सरकणारे दगड?

सुटलं. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत रेसट्रॅक प्लाया नावाच्या सपाट कोरड्या तळ्यात दगडांमागे लांबलचक चरे दिसायचे, सरकताना मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. संशोधकांनी जीपीएस बसवलेले १५ दगड तिथे ठेवले आणि डिसेंबर २०१३मध्ये दृश्य प्रत्यक्ष डोळ्यांसमोर घडलं. पावसाचं उथळ पाणी रात्री गोठतं. ३ ते ६ मिलिमीटर जाडीचा, खिडकीच्या काचेसारखा बर्फ दुपारी फुटतो. आणि साध्या वाऱ्याने त्याचे मोठमोठे पत्रे दगडांना मिनिटाला दोन ते पाच मीटर वेगाने निसरड्या चिखलावरून ढकलतात. हे सगळं अनेक वर्षांतून काही मिनिटं घडतं, आणि आजूबाजूचे दगडही सोबत सरकत असल्यामुळे लांबून कळतही नाही.

पिरॅमिड माणसांनीच बांधले याचा पुरावा आहे?

हिशेबाची कागदपत्रं आहेत. २०१३ साली तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे: तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे चिरे नावेत भरले, गिझाला उतरवले, परत गेलो. गिझाला कामगारांची वस्ती, भट्ट्या, थडगी खणून काढली आहेत. जड दगड ओढण्याबद्दल एक प्राचीन इजिप्शियन भित्तिचित्रच सांगतं: जेहुतिहोतेपच्या थडग्यातल्या चित्रात घसरगाडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून एक माणूस समोरच्या वाळूवर पाणी ओततोय. ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी २०१४ साली तपासलं, तर योग्य ओल असली की ओढायचं बळ निम्म्यावर येतं. कोरड्या वाळूचा पुढे ढीग साचतो, फार पाण्याने चिखल होतो. खरोखर मोकळा राहिलेला प्रश्न एवढाच, की चढणीचा उतार सरळ होता, वळसे घेत जाणारा होता, की दोन्ही.

सिंधू लिपी अजून का वाचता येत नाही? आणि 'वाचली' असे दावे कसे पारखायचे?

लिपी फोडणारा माणूस आधी चिन्हं मोजतो. २० ते ४० भरली तर बहुधा वर्णमाला, ५० ते १०० च्या आसपास तर अक्षरलिपी (एका चिन्हाला 'का', 'की' असा पूर्ण उच्चार), शेकड्यांत गेली तर शब्दचिन्हं मिसळलेली लिपी. इरावतम महादेवन यांच्या १९७७ सालच्या सूचीत सिंधू लिपीची ४१७ चिन्हं आहेत. पण मुद्रांवरचे वगैरे लेख सरासरी पाचच चिन्हांचे! व्याकरण ओळखायला पुनरावृत्ती लागते, प्रत्यय बदलताना दिसावे लागतात. पाच चिन्हांत ते कुठून दिसणार?

यश मिळालेली उदाहरणं शेजारी ठेवली की अडचण नीट कळते. इजिप्तच्या चित्रलिपीसाठी १७९९ साली रोझेटाचा शिलालेख मिळाला, त्यात तोच मजकूर ग्रीकमध्ये होता, तरी ती वाचायला शाम्पोलियों या फ्रेंच अभ्यासकाला १८२२ साल उजाडलं. ग्रीसच्या क्रीट बेटावर सापडलेल्या लिनिअर बी या प्राचीन लिपीला असा दुभाषी नव्हता. पण ॲलिस कोबरने शब्दांच्या बदलत्या शेवटांचे तक्ते बनवले होते, आणि १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने क्रीटमधली गावांची नावं घालून पाहिली, तेव्हा आतली भाषा चक्क जुनी ग्रीक निघाली. सिंधू लिपीत दुभाषी लेख नाही, आतली भाषा निश्चित नाही, आणि खात्रीने ओळखता येईल असं एकही नाव नाही.

दावा पारखताना तीन गोष्टी पाहा. एका चिन्हाला सगळीकडे तोच उच्चार दिलाय का? न पाहिलेला नवा लेख दावेदाराच्याच नियमांनी दुसऱ्या कुणाला वाचता येतो का? आणि मिळालेला अर्थ मुद्रेवर शोभेल असा आहे, की पाच चिन्हांतून आख्खं तत्त्वज्ञान निघतंय?

येल विद्यापीठातल्या वॉयनिच हस्तलिखिताचं, म्हणजे अनोळखी लिपीतल्या एका जुन्या पोथीचं, दुखणं उलट आहे. मजकूर दोनशेहून जास्त पानं भरून आहे, चर्मपत्राचा काळ कार्बनमापनाने १४०४ ते १४३८ असा ठरलाय, पण तोच शब्द लागोपाठ दोनतीनदा येतो आणि अक्षरांची रचना ओळखीच्या भाषांपेक्षा फारच ठरीव आहे. ते सांकेतिक आहे की निरर्थक, इथेच गाडं अडलंय.

१९७७ सालचा 'वॉव' संदेश परग्रहावरून आला होता का?

१५ ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेतल्या ओहायोमधल्या 'बिग इअर' रेडिओ दुर्बिणीने १४२० मेगाहर्ट्झच्या जवळ, म्हणजे हायड्रोजनच्या नैसर्गिक कंपनसंख्येजवळ, एक जोरदार लहर टिपली. छापील कागदावर 'सहा, ई, क्यू, यू, जे, पाच' अशी अक्षरं होती. जेरी एहमनने त्यांना गोल करून समासात 'वॉव' लिहिलं. ती अक्षरं म्हणजे निरोप नव्हे, ताकदीची मापं आहेत. नऊनंतर ए म्हणजे दहा, असं मोजत गेलं की यू म्हणजे पार्श्वभूमीच्या तिसेक पट. सहा नोंदी मिळून ७२ सेकंद झाले, आणि हा काळही संदेशाचा नाही: दुर्बीण स्थिर होती, पृथ्वी फिरताना आकाशातला एक बिंदू तिच्या टप्प्यात तेवढाच वेळ राहतो. ताकद हळूहळू चढून उतरली, म्हणजे स्रोत आकाशात स्थिर असावा.

अडचण अशी, की दुर्बिणीला लहरी पकडणारे दोन कर्णे होते आणि तोच बिंदू सुमारे तीन मिनिटांच्या अंतराने दोन्हींत दिसायला हवा होता. दिसला एकाच कर्ण्यात. नंतर त्या जागी अनेकदा शोध घेतला, पुन्हा काही नाही. धूमकेतूचं स्पष्टीकरण २०१७ साली गाजलं, दुर्बिणीवर काम केलेल्यांनीच ते फेटाळलं. एकदाच मिळालेल्या मोजमापावर 'हो' किंवा 'नाही' काहीच ठरत नाही.

बर्म्युडा ट्रँगल?

वर्दळीच्या, वादळी समुद्रात जेवढे अपघात व्हावेत तेवढेच तिथे होतात. ५ डिसेंबर १९४५ रोजी हरवलेली पाच नौदल विमानं दिशा चुकली होती, सूर्य मावळला होता आणि इंधन संपत आलं होतं.

वादळात तरंगणारा आगीचा गोळा लोक पाहतात. तो खरा असतो का?

बहुधा हो, पण कशाचा बनतो यावर एकमत नाही. २०१२ साली चीनमध्ये साध्या विजेचा वर्णपट टिपायला लावलेल्या उपकरणांत असा एक गोळा योगायोगाने सापडला. त्याच्या प्रकाशात सिलिकॉन, लोह आणि कॅल्शियमच्या रेषा होत्या, म्हणजे मातीतलीच द्रव्यं. वीज जमिनीवर पडून माती वाफ होते आणि ती हवेत जळत राहते, या विचाराला त्यामुळे बळ मिळालं. बंद खोलीत किंवा विमानात दिसलेल्या गोळ्यांना मात्र हे लागू पडत नाही. त्यामुळे एकाच नावाखाली दोनतीन वेगळे प्रकार असण्याची शक्यता आहे.

तुम्हाला दिसलाच तर जवळ जाऊ नका, उघड्यावर असाल तर आधी पक्क्या छताखाली या. मग आकडे मनात धरा: किती सेकंद टिकला, आवाज आणि वास होता का, विझला की फुटला, वाऱ्याच्या दिशेने गेला की उलट. आकार 'फुटबॉलएवढा' असं सांगू नका, कारण अंतर कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तो कुठल्या झाडापुढून किंवा खांबामागून गेला ते सांगा. म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन टेपने मोजता येतं.